'मी आलं' ते 'मी आले': दुसरीच्या पोरांना वाक्य शिकवायचं माझं वर्ष

आधीच सांगते, मी टीचर नाही. बी.कॉम. झालंय, लग्नाआधी पणजीला एका ऑफिसात अकाउंट्स बघायचे, आता घरीच शिवणकाम करते. मुलगी २०२४-२५मध्ये दुसरीत होती, आमच्या वाड्यावरच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत, आणि त्या वर्षी आठवड्यातून दोनदा मी तिथे मुलांना वाक्यं शिकवायला जायचे. माझ्या मावसबहिणीच्या गावात आता असंच काहीतरी करायचं चाललंय आणि ती रोज रात्री व्हॉइस मेसेज पाठवून एकेक गोष्ट विचारत बसते, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू, बाकी कुणाला उपयोग झाला तर बरंच.

शाळेत चारही वर्ग मिळून १४ मुलं आणि टीचर एकच. गोव्यात खेड्यापाड्यात हे काही नवीन नाही. पहिली-दुसरी मिळून ९ जण, एका बाजूला ती बसतात आणि दुसऱ्या बाजूला तिसरी-चौथी, मध्ये भिंत नाही, एक कपाट आडवं लावलंय. १४ जून २०२४ला पीटीएची, म्हणजे पालक-शिक्षक संघाची, पहिली मीटिंग झाली. टीचरनी दुसरीच्या वह्या दाखवल्या. 'वाक्यात उपयोग करा' या प्रश्नाखाली ओळीने लिहिलं होतं: हा आंबा आहे. ही गाय आहे. हा पाऊस आहे. आणि शेवटी, हा झोपणे आहे. आम्ही सगळ्या हसलो. टीचर हसल्या नाहीत. म्हणाल्या, अक्षरं येतात, शब्द वाचतात, पण वाक्य म्हटलं की 'हा-ही-हे' आणि 'आहे' याच्या पुढे कुणी जात नाही, आणि मला चार वर्ग आहेत. टेबलामागच्या भिंतीवर निपुण भारतचा तक्ता होता, २०२१मध्ये केंद्राने सुरू केलेली ती योजना, त्यात पहिलीच्या मुलाने चार-पाच सोप्या शब्दांचं न वाचलेलं वाक्य वाचावं असं लिहिलंय आणि दुसरीने मिनिटाला ४५ ते ६० शब्द. तक्ता छान रंगीत आहे. मी म्हटलं, आठवड्यातून दोनदा मी येऊ का? बोलून गेले खरी, घरी येईपर्यंत पोटात गोळा आला होता.

आता परवानगीचं. मला वाटलेलं टीचर हो म्हणाल्या म्हणजे झालं. तसं नसतं, शाळेच्या वेळेत बाहेरचं माणूस वर्गात बसणार म्हणजे वरून कागद हवा. आमच्याकडे जे लागलं ते सांगते, तुमच्याकडे थोडं वेगळं असू शकेल, टीचरनाच विचारा: माझा साधा अर्ज, आधारची झेरॉक्स, पीटीएच्या ठरावाची प्रत आणि टीचरचं पुढे पाठवण्याचं पत्र. १८ जूनला मी स्वतः तालुक्याला जाऊन ऑफिसात देऊन आले. बस, परत बस, एक चहा, अर्धा दिवस. चूक काय केली, तर माझ्याकडच्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घेतला नाही. ५ जुलैला फोन केला तर म्हणे असा अर्जच दिसत नाही. नुसता पाऊस चाललेला, शाळाही मध्ये पावसामुळे बंद होती, मी परत सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून गेले, ह्या वेळी आवक नंबर घेतला, आणि काउंटरवरच्या मॅडमना म्हटलं, मॅडम, तारीखही घाला. त्यांनी वर बघितलं, पण घातली. २४ जुलैला पत्र आलं, की वेतन किंवा मानधन मिळणार नाही आणि टीचर वर्गात हजर असल्या पाहिजेत या अटीवर परवानगी. म्हणजे पहिल्या अर्जापासून ३६ दिवस. कुणी विचारलंच तर पहिला सल्ला हाच, आवक नंबराशिवाय ऑफिसातून बाहेर पडू नका.

३० जुलै, मंगळवार, पहिला दिवस. वेळ साडेअकरा ते बारा दहा, मंगळवार आणि गुरुवार. मी फळ्यावर लिहिलं 'कर्ता, कर्म, क्रियापद'. हो, खरंच लिहिलं. रात्री घरी मराठी व्याकरणाचं पुस्तक वाचून गेलेले. सहा-सात वर्षांची पोरं माझ्याकडे अशी बघत होती की मी वीजबिल वाचून दाखवतेय. दहाव्या मिनिटाला एकाने विचारलं, काकी, पाव-भाजी कधी येणार? मध्यान्ह आहाराची गाडी यायची वेळ झालेली. गुरुवारी पुन्हा तेच, फक्त फळ्यावर चित्रं जास्त.

मग १३ ऑगस्टचा प्रकार, तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मी प्रत्येकाला 'आज सकाळी काय केलं' याची दोन वाक्यं लिहायला सांगितली. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने, तिला इथे बाय म्हणते, आमच्यात लहान मुलीला तसंच म्हणतात, पूर्ण वर्गात तिनेच दोनाच्या जागी तीन वाक्यं लिहिली. 'मी उठलं. मी चहा घेतला. मी शाळेत आलं.' मी लाल पेन घेऊन 'उठलं' आणि 'आलं' दोन्ही खोडून वर 'उठले', 'आले' लिहिलं आणि सगळ्यांसमोर म्हटलं, मुलगी 'आले' म्हणते, 'आलं' काय, तू टेबल आहेस का? वर्ग हसला. बाय पण हसली. पण त्यानंतर ती माझ्या तासाला बोलायचीच बंद झाली. विचारलं की मान खाली. दोन आठवडे, तीन आठवडे. टीचरनी काही म्हटलं नाही मला, फक्त एकदा म्हणाल्या, ती घरी भरपूर बोलते हां.

७ सप्टेंबरला चवथ होती, म्हणजे गणेश चतुर्थी. घर भरलेलं, गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधून झालेली, आम्ही सगळ्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करत बसलेलो, आणि सासूबाई माझ्या मुलीला शोधत स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, "बाय खंय गेलें गो?" म्हणजे बाय कुठे गेली गं. मी म्हटलं, "भायर आसा, आतांच गेलें." बाहेर आहे, आत्ताच गेली. आणि हातातली नेवरी तशीच राहिली. गेलें. मी पण गेलें म्हणाले. आमच्या कोंकणीत लहान मुलगी 'तें' असते, 'ती' नाही, बाय आयलें, बाय गेलें, आणि थोरली बाई आली की वयनी आयली, मांय आयली. लहान मुलगी स्वतःबद्दल सुद्धा 'हांव आयलें' म्हणते, मी पण लहानपणी तेच म्हणत असणार. म्हणजे त्या पोरीने चूक केलीच नव्हती, तिने घरचं व्याकरण एकदम बरोबर मराठीत आणलेलं, आणि मी तिला टेबल म्हटलं. माझी मुलगी 'मी आले' म्हणते ते माझ्यामुळे नाही, आजीसोबत बसून मराठी सिरियली बघते म्हणून.

सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "भुरग्यांक उलोवंक येता, बरोवंक येना. पयलीं उलोवंक दी." पोरांना बोलता येतं, लिहिता येत नाही, आधी बोलू दे. चवथीच्या गडबडीत हे एक वाक्य मिळालं आणि त्यावर पुढचं अख्खं वर्ष गेलं.

सुट्टीनंतर पहिल्या मंगळवारी मी लाल पेन नेलंच नाही. एक वही नेली आणि पोरं जे बोलतात ते जसंच्या तसं लिहून घ्यायला लागले. दोन आठवड्यांत जे जमलं ते बघून मजा वाटली. कोंकणी घरातली पोरं म्हणायची 'मला पाणी जाय', कारण कोंकणीत जाय म्हणजे पाहिजे. 'मी भाजी खायना', म्हणजे खात नाही. एक हिंदी घरातला मुलगा म्हणायचा 'पुस्तक पडला', त्याच्या भाषेत नपुंसक काही नसतंच, तो तरी काय करणार. आणि 'मीने आंबा खाल्ला' हे तर दोन्ही बाजूंनी यायचं, तिकडे हिंदीत 'मैंने' आणि इकडे कोंकणीत 'हांवें', मधल्यामध्ये मराठीतच फक्त नुसतं 'मी', ने-बिने काही नाही. मराठी जरा खोडकरच आहे त्या बाबतीत, त्याने खाल्ला, तिने खाल्ला, पण मी खाल्ला.

सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते कानडी घरातल्या मुलाने. त्याला पुट्टा म्हणूया. वडील बांधकामावर, उत्तर कर्नाटकातले. तो म्हणायचा 'कुत्रा आलं', 'म्हैस आलं', 'बस आलं'. मला आधी वाटलं हा बायचं ऐकून शिकला. पण मग लक्षात आलं की 'अप्पा आला' आणि 'आई आली' तो कधीच चुकत नाही. त्याची आई एकदा त्याला न्यायला आली तेव्हा विचारलं, कुत्रा आला हे तुमच्यात कसं म्हणतात? ती लाजत म्हणाली, नायि बंतु. म्हैस? तेच, बंतु. आणि अप्पा? अप्पा बंद. अव्वा, म्हणजे आई? बंदळु. म्हणजे त्यांच्यात माणूस असेल तरच तो किंवा ती, जनावर आणि वस्तू सगळं एका 'ते'त. बाय पण 'आलं' म्हणते आणि पुट्टा पण 'आलं' म्हणतो, ऐकायला एकच, पण एकीला कोंकणी सांगते की तू लहान मुलगी आहेस आणि दुसऱ्याला कानडी सांगते की म्हैस माणूस नाही. एकाच लाल पेनने दोघांना सुधारायला गेले असते तर दोघांनाही काही कळलं नसतं.

तर मग केलं काय ते सांगते, क्रमाने.

आधी फक्त क्रिया. एक मूल पुढे येऊन काहीतरी करणार, उडी मारणार, झोपायचं नाटक करणार, भाकरी थापणार, आणि बाकीचे म्हणणार: तो उडी मारतो. ती झोपते. लिहायचं काही नाही. आठ-दहा तास हेच. मी आधी नामापासून सुरुवात करत होते, आंबा, गाय, आणि नामापासून सुरू केलं की मूल 'आहे'वर जाऊनच बसतं, कारण आंबा आणखी करणार काय? क्रियेपासून सुरू केलं की कोण करतो हे आपोआप येतं. 'आहे'ची साथ तिथून कमी झाली.

मग कार्डं. तीन रंग, कोण-चं पिवळं, काय-चं हिरवं, काय करतो-चं लाल. तीन पोरांनी एकेक कार्ड धरून रांगेत उभं राहायचं आणि लाल कार्ड नेहमी शेवटी. ते समजावताना मला सुचलं ते आमच्या गोव्याच्या सरकारी कदंबा बसचं, की सगळे चढतात, शेवटी कंडक्टर चढतो, शिट्टी मारतो, तेव्हा बस सुटते. 'पुट्टा आंबा' म्हटलं तर बस उभीच, 'पुट्टा आंबा खातो' म्हटलं की सुटली. लाल कार्डवाल्याला सगळे कंडक्टर म्हणायला लागले आणि कंडक्टर व्हायला भांडणं. मी खरीखुरी शिट्टी आणून दिली, वाक्य संपलं की वाजवायची, तोच पूर्णविराम. ही आयडिया मला फार आवडलेली. दोन दिवस चालली. तिसऱ्या दिवशी कपाटापलीकडून टीचर आल्या आणि हात जोडून म्हणाल्या, माझी चौथी गुणाकार करतेय हो. शिट्टी गेली, टाळी आली.

लिंगासाठी मात्र वेगळी कार्डं केली नाहीत. पाव-भाजीची गाडी यायची तेव्हा दारात उभं राहून एकसुरात म्हणायचं: पाव आला, भाजी आली, ताट आलं. तिन्ही एका ठिकाणी, रोज, भूक लागलेली असताना. महिन्याभराने पुट्टा दप्तर उचलताना स्वतःशीच म्हणत होता, दप्तर ताटासारखं, दप्तर आलं. मी मागे उभी होते, काही बोलले नाही, पण त्या दिवशी घरी चालत जाताना उगाच गाणं म्हणत गेले.

लिखाण दिवाळीनंतर, ११ नोव्हेंबरच्या आठवड्यात सुरू केलं. तिथे नवीनच त्रास निघाला, तो म्हणजे जागा. पोरं 'मीशाळेतजातो' असं सलग आगगाडीसारखं लिहायची, नाहीतर 'घरा वर', 'झाडा खाली' असं तोडून. मराठीत वर, खाली, साठी हे शब्द आधीच्याला चिकटतात, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मी पण कित्येक वर्षं 'मुलां साठी' लिहीत होते. चिंचोके आणले घरून. दोन शब्दांच्या मध्ये एक चिंचोका ठेवायचा, मग पुढचा शब्द. 'झाडाखाली' लिहिताना मध्ये चिंचोका ठेवला तर बाजूचा ओरडणार, तो आतला आहे, चिकटलेला! पहिलीतल्या एकाने एक चिंचोका नाकात घातला, टीचरनी काढला, मला पाच मिनिटं दरदरून घाम. त्यानंतर बोटाचं अंतर. तुम्ही थेट बोटापासूनच सुरू करा.

डिसेंबरात वाक्य लांबवायला घेतलं. 'पोदेर आला' इथून सुरू, पोदेर म्हणजे आमचा पाववाला. कधी आला? काल आला. कुठे? दारात. काय केलं? एकेक प्रश्न, एकेक पोरगं रांगेत घुसणार, पण कंडक्टर हलायचा नाही. शेवटी 'काल सकाळी पोदेराने आमच्या दारात तीन पाव ठेवले' असं सात पोरांचं आणि एका कंडक्टरचं वाक्य झालं, दारापर्यंत रांग. 'पोदेराने'मधला ने कुठून आला हे विचारलं एकीने. मी म्हटलं, झालेली गोष्ट असली आणि काहीतरी केलेलं असलं की करणाऱ्याला ने लागतो. तिने विचारलं, मग मला का नाही? मला उत्तर आलं नाही. म्हटलं, मी आणि तू हे दोघं लाडके आहेत, त्यांना माफ. व्याकरणवाल्यांनी मला माफ करावं.

बायचं सांगायचं राहिलं. तिची माफी मागायला हवी होती, पण सहा वर्षांच्या मुलीची माफी कशी मागतात ते मला समजेना. ऑक्टोबरात एकदा मी वर्गात मुद्दाम कोंकणीत सांगितलं की आमच्या घरी मी पण 'हांव आयलें' म्हणायचे, आणि फळ्यावर दोन घरं काढली, एकात कोंकणी 'आयलें', दुसऱ्यात मराठी 'आले', मध्ये रस्ता. म्हटलं, दोन्ही घरं आपलीच, फक्त ह्या घरात गेलं की चप्पल वेगळी. पुट्टाने विचारलं माझं घर कुठे, मग तिसरं घर काढलं, आणि हिंदीवाल्यासाठी चौथं, फळा संपला. बाय बोलली नाही, पण तास संपल्यावर फळा पुसताना तिने ती घरं सोडून बाकीचा पुसला. नोव्हेंबरात ती बोलायला लागली, आधी कंडक्टर म्हणून, एकच शब्द, मग दोन.

खर्च विचारतात म्हणून: कार्डशीट १२, दहा रुपयांप्रमाणे १२०. लॅमिनेशन १६ पानं, २५ने ४००, ते कराच, नाहीतर पावसात आठवड्यात कार्डांचे पापड होतात. स्केचपेनची दोन पाकिटं १२०. चार रेघांच्या नऊ वह्या २७०. झेरॉक्स ९६ पानं १९२. एकूण ११०२, पीटीएने ५०० दिले, बाकीचे मी. शिट्टी घरात होतीच. बसचे पैसे धरले नाहीत.

आणि घरी आईबापांनी करायचं असेल तर एकच गोष्ट सांगेन, ती माझ्या मुलीवर वेणी घालताना करून बघितलेली. वाक्य म्हणायचं आणि शेवटचा शब्द सोडायचा. आजी अंगणात फुलं... आणि थांबायचं. मराठीत क्रियापद शेवटी असल्यामुळे हे फार सोपं पडतं, मूल आपोआप 'तोडते' म्हणतं, कधी 'खाते' म्हणतं आणि हसतं, तेही चालेल, वाक्य तर झालं. चुकलं तर 'चूक' म्हणू नका, बरोबरचं आपण एकदा म्हणून पुढे जायचं. हे मला लाल पेनाने शिकवलं, महाग पडलं.

सगळं जमलं असं नाही. नऊपैकी दोघं मार्चपर्यंत सुद्धा तीन शब्दांच्या पुढे लिहीत नव्हते, एकजण तर जानेवारीत महिनाभर गावालाच गेला, वडिलांचं काम दुसरीकडे लागलेलं. शिगम्याच्या, म्हणजे आमच्याकडच्या होळीच्या सणाच्या, आधीचा तास, १३ मार्च २०२५, गुरुवार, शेवटचा मोठा तास तोच. 'मला आवडलेला दिवस' यावर पाच वाक्यं. बायने लिहिलं, 'मी आजीकडे गेले. आजीने मला खतखते दिले. मी खाल्ले. आजी हसली. मी पण हसलं.' शेवटच्यावर मी पेन टेकवलं नाही. पुट्टाची वही अजून माझ्याकडे आहे, झेरॉक्स काढायला आणलेली ती परत द्यायची राहिली, त्यात आहे: 'पाऊस आला. कुत्रा आला. कुत्रा ओला होता. मी त्याला पाव दिला. अप्पा ओरडला.'

२ एप्रिलला तालुक्याला जाऊन पुढच्या वर्षाचा अर्ज दिला. तेच काउंटर, त्याच मॅडम. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्या प्रतीवर शिक्का मारला, आवक नंबर घातला आणि म्हणाल्या, तारीख पण घातलीय हां.